सरावाची मुलाखत

“याही ठिकाणी नाही झालं,” एवढंच बोलून ठमी ताटावरून उठली, आणि तिच्या बाबांचा घास हातातच राहिला…

पुढे त्यांच्या तोंडून जे निघालं, ते परत घेता आलं असतं तर त्यांनी काय वाटेल ते दिलं असतं. “अगं, ज्या पोरांना स्वतःचं नाव सांगताना घाम फुटतो त्यांना मी नोकरीला लावतो, आणि माझीच पोरगी दर वेळी हात हलवत परत येते! आज तुझी आई असती तर…”

“तर काय, बाबा?”

“तर तिला मान खाली घालावी लागली असती.”

ठमी भांडी घासायला गेली, आणि तिनं नळ जरा जास्तच मोठा सोडला.

बाबा कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलांना पुढच्या आयुष्यासाठी तयार करायचे. मुलाखतीत खुर्चीवर कसं बसायचं इथपासून, खोली भाड्यानं घेताना आधी नळ सोडून बघा, परगावी ताप आला तर लपवू नका, इथपर्यंत सगळं. त्यांची बायको हसायची. “जगाच्या पोरांना एकटं राहायला शिकवता, आणि तुम्हाला स्वतःचे मोजे सापडत नाहीत!” ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं, आणि आता मोजे सापडले नाहीत तर हसायलाही कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात सरावाच्या मुलाखती होत्या. टेबलाच्या एका बाजूला बाबा, कंपनीचे साहेब होऊन. समोर एकेक विद्यार्थी, उमेदवार होऊन. त्या खोलीचा नियम कडक होता. आत आलं की कोणी कोणाचं नाही! खुद्द प्राचार्यांच्या भाच्यालाही त्यांनी ‘अहो जाहो’ करत घाम फोडला होता. ठमीही शेवटच्या वर्षाला, त्यामुळे तिचीही पाळी आलीच.

“आत येऊ का, सर?”

“या. बसा.”

ती ताठ बसली. प्रश्नामागून प्रश्न आले, आणि पोरीनं एकही खाली पडू दिला नाही.

“तुमच्यातला एक दोष सांगा.”

“दुसऱ्याची चूक दिसली की ती सांगत नाही, सर. गुपचूप मीच निस्तरत बसते.”

बाबांचा ऊर भरून आला. हिला नाकारणारे आंधळे होते की काय! त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.

“परगावी राहायची तयारी आहे?”

“नाही, सर.”

बाबांनी पेन खाली ठेवलं. “हेच उत्तर सगळीकडे दिलंत?”

“हो, सर.”

“कारण?”

“घरगुती आहे.”

“स्पष्ट सांगा. इथे मी तुमचा कोणी नाही.”

ठमीनं नजर टेबलावर ठेवली. “माझे वडील एकटे आहेत, सर. आई गेल्यापासून दुकानात जातात, काय आणायचं ते विसरतात, आणि मग दर वेळी मीठच घेऊन येतात. दुकान टाकता येईल एवढं मीठ झालंय आमच्याकडे. चहा गॅसवर ठेवून खिडकीशी उभे राहतात. भांडं जळतं, धूर होतो, आणि त्यांना वाससुद्धा येत नाही… मी घरात आहे म्हणून गॅस बंद होतो, सर. मी नसले आणि एखाद्या दिवशी…”

तिचा आवाज फुटला. वर्षभर बाबा समजत होते की आईविना पोरीला आपण सांभाळतोय… आणि ही पोर त्यांनाच सांभाळत होती, वर त्यांचे टोमणेही गिळत होती, आणि काल तर ते तिला तिच्या आईवरून बोलले होते!

“वडिलांना हे सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. आणि मग दार लावून रडत बसले असते.”

उठून तिला जवळ घ्यावं असं त्यांना फार वाटलं. पण आत्ता आपण बाबा झालो, की ही डोळे पुसून ‘काही नाही रे’ म्हणेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून खुर्चीचे हात घट्ट धरून त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारायचे.

“तुम्हाला आम्हाला काही विचारायचं आहे?”

“आहे, सर. मी गेले तर बाबा जेवतील का?”

“जेवतील. सुरुवातीला करपलेलं, मग कच्चं. मग जमेल कधीतरी.”

“आणि संध्याकाळी बोलतील कोणाशी?”

“तुमच्याशी, फोनवर. इतकं बोलतील की तुम्हीच म्हणाल, पुरे आता.”

“आणि आईची आठवण आली तर?”

बाबांनी चष्मा काढला.

“येणार गं, ठमे… येणारच. तू शेजारच्या खोलीत असतेस तेव्हाही येते. तू नोकरी नाकारलीस म्हणून ती थांबणार आहे का? पण तू माझ्यापायी अडकून पडलीस, तर तिच्या फोटोसमोर उभं राहायचं तोंड मला उरणार नाही. काल मी जे बोललो…”

“बाबा, खोलीचा नियम मोडतोयस.”

“खड्ड्यात गेला नियम!”

ती टेबलाला वळसा घालून आली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून लहानपणी रडायची तशी रडली. मग नाक पुसत म्हणाली, “परवाच्या कंपनीत मी नाही म्हटलं, तरी तिथल्या बाई म्हणाल्यात, शनिवारपर्यंत विचार करून कळव.”

“मग लाव फोन. इथेच, माझ्यासमोर.”

तिनं फोन लावला. “हो मॅडम… हो, राहीन तिकडे… नाही, आता घरची काही अडचण नाही.” हे शेवटचं बोलताना तिनं बाबांची बाही मुठीत गच्च धरली होती. बाबा जोरजोरात मान हलवत होते, जणू फोनवरच्या बाईंना ती दिसणार होती. संध्याकाळचं रिकामं घर त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं, तरी त्यांनी मान हलवायची थांबवली नाही.

तेवढ्यात दार किलकिलं झालं. पुढच्या नंबरच्या मुलीनं डोकं आत घातलं. उमेदवार रडतेय, आणि मुलाखत घेणारे सरही रडतायत! तिचा चेहरा पांढरा पडला.

“सर,” ती चाचरत म्हणाली, “मी उद्या आले तर चालेल का?”