आठच्या ठोक्याची किल्ली

संयोगिताच्या पत्राला गोमटेशनं उत्तर दिलं नव्हतं. एकोणचाळीस दिवस झाले होते. पत्र काउंटरच्या खणात होतं आणि दिवसातून दोनदा तो ते जागेवर आहे ना, एवढंच बघायचा. शेवटची ओळ पाठ झाली होती – 'दिवाळीपर्यंत उत्तर आलं नाही तर नाही असं समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.'

ती पहिल्यांदा आली भर उन्हाळ्यात. राजारामपुरीतल्या त्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानापुढं रिक्षा थांबली आणि चादरीत गुंडाळलेली पेटी पोटाशी धरून ती उतरली.

"जपून हं. पणजोबांचं हाय. जहाजावरचं घड्याळ."

गोमटेशनं झाकण उघडलं. पितळी कड्यांत तोललेली तबकडी, पेटी कशीही कलली तरी सपाटच राहणारी. असलं घड्याळ त्यानं फक्त पुस्तकात पाहिलं होतं. तो बघतच राहिला.

"बोलता येतं न्हवं तुम्हाला?"

"घड्याळांशी... येतं."

ती खळखळून हसली. त्याचे कान तापले.

तिचे पणजोबा, आजोबा, वडील – तिघं नौदलात. ती चौथी, लेफ्टनंट. घरात पिढ्यान् पिढ्या आलेल्या तीन वस्तू होत्या. तलवार आणि दुर्बीण समुद्रावर जाणाऱ्याची. घड्याळ मात्र मागं राहणाऱ्याचं. माणूस पाण्यावर असेतो त्याच्या जोडीदारानं रोज सकाळी आठाला किल्ली द्यायची, असा त्या घरचा रिवाज होता.

"आईनं सव्वीस वर्षं दिली," ती म्हणाली. "ती गेल्यावर बाबा देत होते. तरी तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. सगळे म्हणतात, तिच्यामागं गेलं."

गोमटेशनं तबकडी उलटी केली, मागचं झाकण काढलं आणि त्याचा हात तिथंच थिजला.

"काय झालं? भूत बघितल्यागत करताय."

"यात... मशीनच न्हाय. म्हणजे हाय, पण भिंतीवरच्या घड्याळाचं. सेलवर चालणारं." फुगलेला सेल त्यानं चिमटीत धरून दाखवला. "हा संपला, म्हणून बंद पडलं."

तिनं पेटी आतून चाचपली. पेटीच्या तळाशी, अस्तराखाली, कापडात बांधलेलं खरं यंत्र सापडलं. स्प्रिंग तुटलेली.

"हा आईच्या साडीचा तुकडा..." ती कशीबशी म्हणाली. "म्हणजे तिच्या हातनं मोडलं. आणि ती रोज आठाला पेटीपुढं बसून... नुसतीच किल्ली फिरवायची?"

डोळे पुसताना तिला हसूही येत होतं. मग एकदम तिनं त्याचं मनगट पकडलं. "बाबांना सांगायचं न्हाय. आपल्या दोघांतच."

आपल्या दोघांत! गोमटेश त्या रात्री जेवला की नाही, त्याला आठवत नाही.

रजा संपेतो ती रोज यायची.

"स्प्रिंग आली का?"

"मुंबईहून यायची हाय. वेळ लागंल."

"लागू द्या की. घाई कुणाला हाय?"

मग ती जहाजावर गेली. दोनदा बंदरातून फोन आला. तो 'हॅलो' आणि 'बरं' एवढंच बोलला. तिसऱ्या खेपेला पत्रच आलं.

'फोनवर तुम्ही "बरं"च्या पुढं जात नाही, म्हणून लिहितेय. घड्याळ नीट झालं की रोजची किल्ली तुम्ही द्याल? आमच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते मी सांगितलंय.'

गोमटेशनं पत्र दोनदा वाचलं. मला? मी सेल बदलणारा माणूस. गणपतीपुळ्याला गुडघाभर पाण्यात गेलो तरी चक्कर येते. चेष्टा केली असेल... आणि नसली तर?

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी विजयसिंह, तिचे वडील, दुकानात आले. उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज चौकापर्यंत जाणारा.

"काय पावणं, झालं का घड्याळ? उद्या तलवारीशेजारी पूजेला लागतंय."

गोमटेशनं पेटी पुढं केली. खरं यंत्र बसवलं होतं, ते सुरू होतं. विजयसिंह वाकले, कान लावला. बोटानं ठोके मोजले.

"खरं बसवलंस," ते हळू म्हणाले.

गोमटेशनं चिमटा खाली ठेवला. "तुम्हाला... ठाऊक होतं?"

"जहाजावरचं घड्याळ सेकंदाला दोनदा वाजतं, बाळ. सेलचं एकदाच. सुट्टीवर आलतो, तवा पहिल्याच सकाळी कळलं."

"मग कधी बोलला न्हाईत?"

"तिला लाज वाटंल म्हणून. ती बोलली न्हाय, मला वाईट वाटंल म्हणून. ती गेल्यावर सेल बदलायला माझा हात होईना." त्यांनी झाकण लावलं. "दवाखान्यात शेवटी काहीतरी सांगायला बघत होती. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, दम खा. घड्याळाचंच असणार. मला सगळं माहीत हाय गं, एवढं म्हणायचं होतं नुसतं... पण म्हटलं न्हाय."

पेटी उचलून ते दाराशी गेले आणि वळले.

"पोरीचा फोन आलता. राजारामपुरीतला घड्याळजी जिवंत हाय का, विचारत होती. काय सांगू?"

गोमटेशचा हात खणाकडं गेला. ते गेल्यावर त्यानं भर बाजाराच्या वेळी शटर खाली ओढलं, बिलबुकाचा पाठकोरा कागद फाडला आणि उभ्यानंच लिहिलं –

'हो. बाकीचं मागनं लिहीन. तुमच्या वडिलांबद्दल खूप सांगायचंय. पण आधी हो.'

पुन्हा वाचलं तर धीर सुटेल, म्हणून वाचलं नाही. पाकिटावर जहाजाचा पत्ता घातला आणि पोस्टात जवळजवळ पळतच गेला. टपालपेटीच्या तोंडात हात मनगटापर्यंत घातला. बोटं सोडवेनात.

"अहो, टाका की!" मागची बाई खेकसली. "आम्हालाबी टाकायचंय."

त्यानं बोटं सोडली.