गाण्यामागचा श्वास

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं, गेल्या वर्षी एका रविवारी, भरदुपारी.

ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासते. मागची अरुंद खोली, मशीनची घरघर, कानात हेडफोन. तिशीतला धाकटा भाऊ गेल्यापासून घर तिला खायला उठायचं. म्हणून ती इंटरनेटवरच्या एका गाणंवेड्या ग्रुपमध्ये शिरली. तिथे लोक कुणालाच माहीत नसलेले गायक-वादक एकमेकांना सुचवायचे.

सहा महिन्यांत तिघं तिला जिवापाड आवडू लागले. एक म्हातारा सारंगीवाला, एक बासरी वाजवणारा पोस्टमन आणि एक गिटारवाली मुलगी.

"ताई, तुमच्या आवडीला काही ताळतंत्र नाही!" ग्रुपवाले चिडवायचे.

खरंच, त्या तिघांत सारखं असं काहीच नव्हतं.

मग एका दुपारी वीज गेली. मशीन थांबलं. खोली एकदम शांत झाली...

आणि फोनवरच्या गिटारमागे कुणीतरी गुणगुणताना ऐकू आलं.

मिटल्या ओठांनी. ओळीच्या मध्येच श्वास तुटत होता.

तिनं सारंगी लावली. तिथेही...

बासरी. तिथेही...

तिच्या हातातली काच निसटली. असा श्वास एकाचाच तुटायचा. धाकट्याचा. दम्यानंच तो गेला होता.

तिनं ग्रुपवर विचारलं, पण कुणालाच काही ऐकू येत नव्हतं.

त्या रविवारी गिटारवाली स्वतःच्या खोलीतून ग्रुपसाठी थेट गात होती. चाळीसेक जण ऐकत होते. ताईनं लिहिलं, "तुझ्या खोलीत अजून कोण आहे?"

मुलगी थांबली. मागे वळून पाहिलं.

"कुणी नाही, ताई. पण... हल्ली गाताना मागे कुणीतरी बसलंय असं वाटतं. भीती नाही वाटत. त्याला बहुतेक गायचं असतं."

ताईला हुंदका फुटला. जाण्याच्या आदल्या दिवशी धाकटा स्वतः बांधलेलं गाणं घेऊन तिच्या दारात उभा होता.

"एकदा ऐक ना, ताई."

"आत्ता डोकं नको खाऊस," ती म्हणाली होती.

आता तिनं लिहिलं, "माइक चालू ठेवून जरा बाहेर जाशील? पाचच मिनिटं."

मुलगी गेली. दार लागलं. समोर रिकामी खुर्ची.

एक मिनिट. काहीच नाही...

मग आवाज आला. शब्दांसकट. स्वच्छ.

"कोण गातंय?" पडद्यावर एकामागून एक प्रश्न उमटू लागले. म्हणजे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

"ऐकतेय रे, ऐकतेय," ताई पडद्याला हात लावून म्हणत राहिली.

शेवटचं वाटावं असं कडवं सुरू झालं. पहिली ओळ झाली, दुसरी अर्धी...

दार उघडलं. मुलगी आत आली.

पाच मिनिटं झाली होती.

त्यानंतर कुठल्याच गाण्यामागे काही नाही. ताईनं त्या तिघांची गाणी ऐकणंही सोडलं.

"दहा मिनिटं मागायला काय झालं होतं मला?" ती अजून विचारते.

त्या दिवसाचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात निव्वळ शांतता आहे आणि ती खुर्ची. मी ते तीनदा लावलं.

तिन्ही वेळा दार उघडण्याआधीच थांबवलं, शेवटापर्यंत बसवलं नाही.