तिसरा मिक्स

ही गोष्ट खोटी वाटत असेल तर देवबागात जाऊन महादूला विचारा. शोधायला गेलेली होडी त्याची होती. खोलीत मात्र दोघंच होते, जितेंद्र आणि त्याची वहिनी दीपिका.

रात्रही नव्हती. गेल्या नोव्हेंबरातली भर दुपार होती. भुतं काही घड्याळ बघून येत नाहीत.

ओमकार हा जितेंद्रचा थोरला भाऊ. खाडीच्या मुखाशी त्याची होडी उलटली. होडी मिळाली.

तो मिळाला नाही.

दीपिका त्याचे दिवस करू देईना. "माका आधी दाखवा, ते खंय आसत," एवढंच म्हणायची.

जितेंद्र तर रडलाही नव्हता. होमस्टेच्या पाहुण्यांना चहा द्यायचा, जेवायचा, झोपायचा. आतून सगळं बधिर झालं होतं.

ओमकारला एकच वेड होतं. एक जुना इंग्रजी रॉक अल्बम. त्याचे सराउंड मिक्स, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येईल अशा आवृत्त्या, एकामागून एक लावायचा आणि ताडून बघायचा. पहिला चार स्पीकरचा, दुसरा पाचांचा. तिसरा नवा, त्यात डोक्यावरूनही आवाज येतो म्हणे. त्यासाठी पठ्ठ्याने छतात स्पीकर बसवून घेतले.

तिसऱ्याची डिस्क कुरिअरने आली, ती तो गेल्यावर.

"लावा भावजी," दीपिका म्हणाली. "त्यांका ती ऐकूची होती."

चौथ्या गाण्यात गिटार एकदम थांबते... क्षणभर शांतता... मग ड्रम. ओमकार तिथे हमखास बोट वर करायचा. "हंय ऐक. मिक्स कसो आसा ता हंय कळता."

जितेंद्रने पहिला मिक्स लावला. गिटार थांबली, शांतता, ड्रम.

दुसरा. मागे थोडी खरखर. पुन्हा ड्रम.

तिसरा.

गिटार थांबली...

ड्रम आलेच नाहीत.

मग छतातून घरघर सुरू झाली. दाराकडून खिडकीकडे, डोक्यावरून. जाड, दबलेली. लहानपणी खाडीत बुडी मारली की वरून जाणारी होडी अशीच ऐकू यायची.

आणि हाक आली...

"ओमकाऽर... ओ दी रे..."

जितेंद्रने आवाज ओळखला. तो त्याचाच होता. शोधायला गेला त्या संध्याकाळचा.

"भावजी, ह्यो तुमचो आवाज मा?"

पुढे काय येणार ते जितेंद्रला ठाऊक होतं.

इंजिन बरोबर डोक्यावर येऊन मंद झालं.

"हंय नाय तो. फिरव होडी, महादू."

हे तो हळू बोलला होता, महादूपुरतं.

घरघर लांब गेली... अगदी लांब...

आणि मग समोरच्या स्पीकरातून, हाताच्या अंतरावरून...

"ओ."

ड्रम सुरू झाले.

दीपिकाने उठून यंत्र बंद केलं. "दिवस करूया," ती म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं.

आठवड्याने देहाऐवजी दर्भाचा पुतळा करून सगळे विधी झाले. डिस्क जितेंद्रने कुडाळला एका ओळखीच्याकडे लावून बघितली. ड्रम वेळेवर आले.

होडी फिरवल्याबद्दल दीपिकाने त्याला आजतागायत एका शब्दाने विचारलेलं नाही. तेच त्याला आतून खातं.

खाडीतून होडी गेली की तो खिडकीकडे बघत नाही. आधी वर छताकडे बघतो. आणि इंजिन थांबतंय का, याची वाट बघतो.