सहा पायांचं कासव

विनयकाकाचं लग्न एकदाचं झालं, ते वर्ष २०२३. काका एक्केचाळीस वर्षांचा होता आणि घरच्यांनी आशा सोडली होती. नवी काकू इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात त्याच्याच ऑफिसात, पण मूळची कोलकात्याची. म्हणून फेब्रुवारीच्या सुट्टीत रीडिंगजवळच्या स्लाऊचं अख्खं घर कोलकात्याला निघालं.

मधुमती आजीने एकच अट घातली. "लग्नाला येते. पण मला एक दिवस शांतिनिकेतनला न्यायचं."

स्वतःच्या लग्नाआधी दोन वर्षं आजी तिथे चित्रकला शिकली होती. वसतिगृहात तिच्या खोलीत सुप्रीती नावाची मैत्रीण होती. आजी इंग्लंडला आली, तरी पत्रं चालू होती. मग स्लाऊमध्येच तीनदा घर बदललं आणि पत्रं थांबली. त्यालाही चाळीस वर्षं झाली.

"नो प्रॉब्लेम, आई," समर म्हणाला. तो ईशिता आणि नकुलचा बाबा. "स्प्रेडशीट तयार आहे. मंगळवारी ट्रेन. बुधवारी युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात तुझ्या मैत्रिणीचा पत्ता काढायचा. गुरुवारी सकाळी परत, रात्री फ्लाइट."

"टॉयलेटला कधी जायचं, तेही लिहिलंय का मामा?" दियाने विचारलं. ती आतेबहीण, दहा वर्षांची.

"तुझ्यासाठी वेगळा कॉलम आहे," नकुल म्हणाला.

बुधवारी सकाळी ऑफिसच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं.

"आज बुधवार. छुट्टी," पहारेकरी म्हणाला.

"बुधवारी कोण सुट्टी देतं?" समर कुलपाकडे बघतच राहिला.

"इथे देतात," आजी हळूच म्हणाली. "रविवारी वर्ग, बुधवारी सुट्टी. झाडाखाली बसून आम्ही बुधवारची वाट बघायचो. मीच विसरले बघ."

सुप्रीतीच्या जुन्या पत्त्यावर तीनमजली हॉटेल उभं होतं. तिथल्या मॅनेजरला काही माहीत नव्हतं.

"आई, पुढच्या वर्षी येऊ. नक्की," समर म्हणाला.

"हो, येऊ."

ईशिता चमकली. आजी कशालाही इतक्या सहज हो म्हणत नसे. चहातल्या साखरेवरूनसुद्धा ती वाद घाली. आता ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती, आणि येताना विमानतळावर तिला व्हीलचेअर लागली होती.

जेवून मोठी माणसं लॉजवर आडवी झाली. लॉजच्या मागेच सोनाझुरीच्या झाडांखाली बाजार भरला होता. "तासाभरात परत या," असं बजावून समरने मुलांना सोडलं.

लाल मातीवर चटया पसरून बायका बसल्या होत्या. त्यांच्यापुढे कांथा भरतकामाच्या साड्या आणि पिशव्या होत्या. आपल्या गोधडीसारखाच साधा धावदोरा, पण त्यातून मासे, झाडं, पक्षी उमटलेले.

दियाने एक पिशवी उचलली. नकुल तिच्या खांद्यावरून बघत होता.

"थांब. हा तर आपला ड्राइव्हवे आहे."

"काहीही काय, नकुल."

"अगं बघ ना. पाळणा, तुळस, शंख, फणी."

दर चैत्रात आजी स्लाऊच्या घरापुढे खडूने चैत्रांगण काढायची. चैत्रगौरीसाठी काढायची ती रांगोळी. पार्सलवाला त्याला वळसा घालून यायचा, आणि पाऊस पडला की आजी पुन्हा काढायची.

"अशी चित्रं कुणीही काढेल," ईशिता म्हणाली. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या कासवाकडे गेलं. तिने बोटाने पाय मोजले. पुन्हा मोजले. "सहा."

तिघं एकमेकांकडे बघू लागली. आजीच्या कासवाला सहा पाय असायचे. लहानपणी एकदा चुकून काढले, मग हात तसाच वळत गेला, असं आजी सांगायची.

"दीदी, ये किसने सिखाया?" नकुलने आपलं सिनेमातलं हिंदी बाहेर काढलं.

"दीदीमाने," बाई हसून म्हणाली. "आमच्या गावातल्या सगळ्याजणी हेच काढतात." दीदीमा म्हणजे आजी. तिचं घर टोटोने, म्हणजे बॅटरीच्या रिक्षाने, पंधरा मिनिटांवर होतं.

ईशिताने बाबाला फोन लावला.

"कासव?" समर झोपेतच होता. "बेटा, कोइन्सिडन्स असतो. परत या, पॅकिंग करायचंय."

ईशिताने फोन ठेवला आणि पिशवी विकत घेतली. "बाबाला विचारायचंच नाही. पिशवी आजीच्या मांडीवर ठेवायची आणि गप्प बसायचं."

"मी गप्प?" दिया म्हणाली.

"दोन मिनिटं तरी."

आजी खिडकीपाशी बसली होती. दियाने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आजीचं बोट पाळण्यावरून, तुळशीवरून फिरत कासवापाशी आलं. एक, दोन, तीन. सहाव्या पायावर ते थांबलं.

"समर," आजी म्हणाली, "ऊठ. टोटो बोलाव."

"आई, आपलं पॅकिंग..."

आजीने तोवर बूटसुद्धा घातले होते.

गावाच्या टोकाला मातीचं बसकं घर होतं. ओसरीवर पांढऱ्या केसांची एक बाई सुईत दोरा ओवत होती. आजीने पिशवी तिच्यापुढे धरली आणि बंगालीत काहीतरी म्हणाली. आजीला बंगाली येतं, हेच मुलांना ठाऊक नव्हतं.

सुप्रीतीने मान वर केली. पिशवीवरून तिची नजर आजीच्या चेहऱ्यावर गेली. मग तिने सुई खाली ठेवली आणि तीही काहीतरी बोलली.

"काय म्हणाली, आजी?"

आजीचे डोळे भरले होते. "मी म्हटलं, कासवाला सहा पाय नसतात. ती म्हणते, तूच शिकवलंस. पन्नास बायकांना शिकवून झाल्यावर आता सांगायला आलीस?"

मग दोघी ओसरीवर बसल्या, हातात हात घेऊन. सुप्रीतीची पत्रं स्लाऊहून परत आली होती. ती तिने ट्रंकेत जपून ठेवली होती. तिने एकेक काढून दिलं आणि आजी चष्मा पुसत वाचत राहिली. ऊन उतरलं तरी समरने घड्याळ बघितलं नाही.

"स्प्रेडशीटमध्ये हे नव्हतं," तो मुलांना म्हणाला. "चुकलं माझं. तुम्ही नीट बघितलंत."

सुप्रीतीने तिघांना जवळ घेतलं. "ही मुलं मोजून बघतात," ती आजीला म्हणाली. "चांगली वाढवलीस."

त्या चैत्रात स्लाऊच्या ड्राइव्हवेवर कासव काढलं ईशिताने. सहा पायांचं. नकुलने फोन धरला आणि शांतिनिकेतनजवळच्या आपल्या घरून सुप्रीतीने ते पाहिलं. त्यानंतर दर बुधवारी दोघी मैत्रिणी फोनवर भेटत राहिल्या. पुढच्या वर्षीची तिकिटं समरने अजून काढली नव्हती.

त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सुप्रीती तिच्या घरी वारली.