मीटिंगलाच तुटणारी लाइन

भटूला मत्सराचा वास लांबून येत असे. का नाही येणार? गेली सहा वर्षं तो त्याच वासात राहत होता. कॉम्प्युटर दुरुस्तीचा बारा वर्षांचा अनुभव त्याचा, जळगावातली अर्धी वायर त्याच्या हाताखालून गेलेली, पण दोघांच्या दुरुस्तीच्या दुकानाचा जिना चढून येणारा प्रत्येक माणूस विचारायचा एकच, "शहनाजआपा आहेत का?"

आजच्या बाईंनीही तेच विचारलं. भटूने मुकाट्याने आतल्या टेबलाकडे बोट दाखवलं.

बाईंचं नाव नाजमीन. एका बियाणे कंपनीच्या जळगाव कार्यालयाच्या व्यवस्थापक; डिसेंबरमध्ये खुर्चीवर आलेल्या. घाम पुसायचीही उसंत न घेता त्या बोलू लागल्या.

"आपा, मार्चपासून माझ्या कॉम्प्युटरची लाइन तुटते. एरवी ठणठणीत. धुळ्याच्या साहेबांसोबत व्हिडिओ मीटिंग सुरू झाली की दहा मिनिटांत मी गायब! तीन मेकॅनिक येऊन गेले. दुसऱ्या दिवशी येतात, सगळं तपासतात, म्हणतात काही बिघाड नाही."

"आणि तुमचा संशय?"

"संशय कसला? प्रेमराज! अठरा वर्षं नोकरी झाली, खुर्ची आपल्यालाच मिळणार म्हणून बसला होता. गेल्या मंगळवारी तो लग्नाला अमळनेरला गेला. त्या दिवशी तासभर मीटिंग चालली, एकदाही तुटली नाही. त्याला नंदुरबारला पाठवा, असं पत्र मी काल धुळ्याला धाडलंय. आज तीनच्या मीटिंगमध्ये ठरेल. मला फक्त पुरावा हवाय."

भटूच्या डोळ्यांत चमक आली. हे प्रकरण त्याचं होतं. जळणारा माणूस जळणाऱ्याने ओळखायचा नाही तर कोणी?

अकरा वाजता ते तिघं कार्यालयात पोचले. बाहेर चव्वेचाळीस अंश. हॉलमध्ये मात्र कमरेएवढा कूलर घरघरत होता आणि चहा घेताना कुणीतरी खदखदून हसत होतं. नाजमीन आत येताच हसणं थांबलं. ती कुणाकडे न बघता केबिनमध्ये शिरली. मागोमाग निघालेला भटू उंबऱ्यावरच्या पायपुसण्याला अडखळून तिच्या टेबलावर आपटला.

"हळू," शहनाज म्हणाली आणि पायपुसण्याकडे बघत राहिली. त्याखाली बोटभर उंचवटा होता. कापड एका बाजूला ओलसर होतं.

"या वायरींच्या जाळ्याचा नकाशा?" तिने विचारलं.

"नकाशा पितांबरनानांच्या डोक्यात," नाजमीन म्हणाली. "सगळं त्यांनी जोडलं, जानेवारीत निवृत्त होऊन सुरतेला मुलाकडे गेले. मला वारशात मिळाला हा गुंता. पूर्वीचे साहेब तर हॉलमध्येच सगळ्यांत बसायचे. इथे फायली ठेवायचे. केबिन मी केली."

पहिला प्रेमराज. पन्नाशी पार केलेला, गोल चेहऱ्याचा. इंटरनेटची पेटी त्याच्याच पाठीमागच्या कपाटात होती. भटूने ते लगेच टिपलं.

"प्रेमराजभाऊ, मॅडमचा राग येतो का?" शहनाजने विचारलं.

"येतो की. जळतोसुद्धा. रोज सकाळी ती खुर्ची बघितली की इथे चुर्रर्र होतं," त्याने छातीवर हात ठेवला. "पण वायर तोडायला खाली वाकावं लागतं ताई, आणि माझी कंबर पाच वर्षांपासून संपावर आहे."

हॉलमध्ये हशा पिकला. केबिनचं दार धाडकन बंद झालं.

दुसरी उषा, हॉलमधली कारकून. "मला वायरींतलं काही कळत नाही. मीटिंग म्हटलं की आमची भट्टी होते, एवढं कळतं. मंगळवारी आभाळ आलं होतं म्हणून निभावलं बाई."

"गप्पा नकोत, मुद्द्याचं बोला," भटूने तिला दटावलं.

तिसरा झुलाल. केबिनच्या मागे गोदाम, तिथे बसून तो मालाची नोंद ठेवायचा.

"तुमचा कॉम्प्युटर नीट चालतो?"

"कुठला आपा! मॅडमना बंद पडस ना, मना बी तव्हयच बंद पडस. बठ्ठं एकदम जास."

"दोघांचं एकदम जातं? मग सांगितलं का नाही?"

"कोन्ही इचारंच नही!"

भटूने शहनाजला बाजूला घेतलं. "आपा, झालं काम. पेटी प्रेमराजच्या पाठीशी, तो नसला की लाइन चालते, आणि स्वतःच्या तोंडाने जळतो म्हणाला. आणखी काय पाहिजे?"

"झुलाल पाहिजे," ती म्हणाली. "आणि कूलर."

सगळे केबिनच्या दाराशी जमले. नाजमीनच्या पडद्यावर एक बातमीपत्र सुरू होतं.

"मॅडम, मीटिंग असली की कूलर कुठे असतो?"

नाजमीन घुटमळली. "सुरू होऊन दहा मिनिटांत घाम सुटतो, मग दारात आणवते. माझ्याकडे तोंड करून. साहेबांसमोर घामाने निथळत बसू का?"

"उषाताई, भटू, कूलर दारात न्या. झुलालभाऊ, तुम्ही आपल्या कॉम्प्युटरसमोर बसा."

पाण्याने काठोकाठ भरलेला कूलर दोघांनी कण्हत ढकलला. चाक उंबऱ्यावर चढलं, पायपुसण्यात रुतलं. पडद्यावरची निवेदिका तोंड उघडून थिजली. गोदामातून झुलाल ओरडला, "मनं बी गयं!"

कूलर मागे सरला. मिनिटभराने निवेदिका पुन्हा बोलू लागली.

शहनाजने पायपुसणं उचललं. खाली एक जुनी निळी वायर, एका जागी चपटी, साल निघालेली.

"लाइन प्रेमराजभाऊंच्या कपाटातून निघते, या उंबऱ्यावरून केबिनमध्ये येते आणि पुढे गोदामात जाते. म्हणून दोन कॉम्प्युटर एकदम बंद पडायचे. तुमच्यावर डाव असता तर झुलालभाऊंची लाइन कशाला तुटली असती? मार्चमध्ये कूलर निघाला, तेव्हापासून बिघाड. वजन आलं की आतल्या तारा सुटतात, उतरलं की पुन्हा टेकतात. मेकॅनिक दुसऱ्या दिवशी येणार, तेव्हा कूलर हॉलमध्ये. त्यांना काय सापडणार?"

"पण मंगळवारी?" भटूने विचारलं. "प्रेमराज नव्हता तेव्हा?"

"मंगळवारी ऊनही नव्हतं. उषाताई सांगत होत्या, तू गप्प केलंस."

नाजमीनचा आवाज बारीक झाला. "टेबलावरचा छोटा पंखाही चालला असता. पण इथे बसलं की बाहेरचं हसणं ऐकू येतं. गार वाऱ्यात बसून हसतात सगळे, आणि मी गेले की गप्प. मला वाटायचं, निदान कूलर तरी माझ्याकडे येऊ दे."

प्रेमराजने जमिनीकडे पाहिलं.

"मत्सर तू बरोबर हुंगलास, भटू," शहनाज हळूच म्हणाली. "दार चुकलं."

भटूने बॅगेतून नवी वायर काढली. दरवाजाच्या चौकटीवरून, कुणाच्या पायात येणार नाही अशी ओढली. त्याचं त्यालाच नवल वाटलं; या कामात आपाला त्याची बरोबरी करता आली नसती.

तीन वाजले. कूलर हॉलमध्ये राहिला. केबिनचं दार नाजमीनने स्वतः सताड उघडलं. धुळ्याचे साहेब पडद्यावर आले आणि म्हणाले, "मॅडम, प्रेमराजच्या बदलीचा आदेश तयार आहे. सही करू ना?"

हॉलमधली पाठमोरी कंबर ताठ झाली.

नाजमीनच्या कपाळावरून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला. तिची नजर क्षणभर उंबऱ्याकडे गेली. आत्ता, एकदाच, ही लाइन तुटावी, असं तिच्या डोळ्यांत भटूला स्वच्छ दिसलं.

पण वायर भटूने ओढली होती. ती तुटणार नव्हती.

"नको साहेब," नाजमीन सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "चूक माझी होती. कशी झाली ते सांगते."