दुबईहून आलेलं हेड

प्रेमदास आडे स्वतःच्या गाडीखाली मेलेला सापडला, तेव्हा ती गाडी उन्हाळ्यापासून जागची हललेली नव्हती. न चालणाऱ्या गाडीखाली येऊन मरणारा जवळा बाजार गावातला तो पहिलाच माणूस. पतंगे मोटर्ससमोर एवढी गर्दी झाली, की बाजाराचा दिवस नसूनही भजीवाल्यानं कढई चढवली.

सहायक निरीक्षक शिवकन्या घुगे जीपमधून उतरली आणि थेट आत गेली.

गाडी जॅकवरून घसरून एका अंगावर बसली होती. खालून दोन पाय बाहेर आलेले. पायांत चपला तशाच होत्या.

गॅरेजचा मालक हरीश पतंगे शटरला टेकून डोळे पुसत उभा होता. त्याच्या डोक्यावर, शटरच्या चौकटीला, झेंडूचं तोरण वाळून काळं पडलं होतं.

"पहिल्यांदा कोणी पाहिलं?"

"मीच, मॅडम. सकाळी आलो तर शटर अर्धं वर. आत बघतो तर हे."

"रात्री हा इथं कशाला होता?"

"काल संध्याकाळी पेटी आली ना दुबईहून! म्हणाला, हरीशभाऊ, आज मी पेटीपाशीच झोपतो. मी चावी देऊन घरी गेलो. रात्री ह्यानं पेटी फोडली असेल अन् हेड बसवायला गाडीखाली शिरला असेल. उतावळा माणूस. जॅक सटकला."

हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावर बसणारं जड झाकण. प्रेमदासच्या गाडीचं हेड तडकलं होतं. ती गाडी बनवणारी परदेशी कंपनी कधीच देश सोडून गेली होती. जाताना सुटे भाग घेऊन गेली, गिऱ्हाईकं ठेवून गेली. मग हरीशनं मोबाइलवर दुबईचा व्यापारी गाठला. हेड निघालं आणि मुंबईच्या बंदरात अडकलं. निदान हरीश तसं सांगत होता. आधी आयातीची ड्युटी. मग ड्युटी उशिरा भरली म्हणून दंड. मग बंदरातल्या जागेचं भाडं. प्रेमदासनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. त्याच्या काठचं भाडं मात्र तो नेमानं भरत होता.

दगडोबा हवालदार तिच्या कानाशी आला.

"मॅडम, मामला साधा हाय. ह्याचा भाऊ सुदाम काल सांजच्याला हितं येऊन बोंबलून गेला. चहावाल्यानं ऐकलंय. उचलून आणलाय त्याला."

"अपघात म्हणतायत ना हे?"

"अपघातात मार पुढून लागंल का मागून?"

दगडोबाचं बरोबर होतं. प्रेमदास उताणा पडला होता. गाडी छातीवर होती. आणि कवटी मागून फुटली होती.

शिवकन्यानं गॅरेजभर नजर फिरवली. भिंतीवर प्रत्येक पान्याला आपापला खिळा होता आणि प्रत्येक पान्यावर बापजाद्यांपासूनचं वंगण होतं. त्यात एकच वस्तू लख्ख होती. टॉमी, म्हणजे टायर उचकटायची लोखंडी कांब. ती आपल्या खिळ्यावर निमूट टांगलेली होती आणि तिला डिझेलचा वास येत होता.

"ही लॅबला पाठवा," ती दगडोबाला म्हणाली.

मग पेटी. वरच्या फळ्या उचकटलेल्या. आत तेलकट कागदात घट्ट बांधलेलं हेड. कागद एकाच टोकाला फाडलेला. दुसऱ्या टोकाची बांधणी जशीच्या तशी होती. शिवकन्यानं दोन पंच जवळ बोलावले आणि ती बांधणी स्वतः सोडली.

आतल्या भोकांमध्ये ग्रीस होतं. ग्रीसमध्ये लाल तांदळाचे चार दाणे. आणि एका भोकात खोल, चिमट्यानं ओढून काढावं लागलं असं, एक वाळकं पान. एकाच देठावर दोन पाकळ्या जोडल्यासारखं.

"कसला पालापाचोळा पाठवतेत हे लोक," दगडोबा म्हणाला.

शिवकन्यानं पान पाकिटात घातलं.

फोन वाजला. वरिष्ठ साहेब होते. साहेबांना प्रत्येक गुन्ह्यात भाऊबंदकी दिसे आणि बहुतेक वेळा ते बरोबर ठरत. त्यामुळे त्यांची सवय सुटली नव्हती.

"घुगे, भाऊ मिळालाय ना? उद्या कोर्टात उभा करा. लांबवू नका."

*

सुदाम कोठडीत भिंतीला पाठ लावून बसला होता.

"काल भावाला काय म्हणालास?"

"गाडी पेटवून दे म्हणलो. न्हाई तर मी पेटवतो म्हणलो."

"काहून?"

"वहिनीचे हात बघितले का तुमी? कोपरापस्तोर चांदी होती. सगळी त्या बंदरात गेली. आता नुसते वळ हायेत."

"मारलंस?"

"कालर धरली. मारलं न्हाई. त्यो हसून राहिला होता, मॅडम. पेटी आली म्हणून लेकरावानी हसून राहिला होता. हसणाऱ्याला कसं मारावं?"

"पेटी उघडी होती?"

"बंद. दादा म्हणे, आत्ताच उघडतो. पतंगेशेठ म्हणे, न्हाई, सकाळी उघडू. मी निघालो तरी दोघांचं तेच चालू होतं."

"अचानक कशी आली पेटी?"

"अचानक कशाची? दादानं परवाच शेठला सांगितलं, मी सोता मुंबईला जातो, बंदरावरच्या सायबाचे पाय धरतो. लगेच फोन आला, पेटी निघाली म्हणून." सुदामनं मान खाली घातली. "बाई, मला उद्या नेलं तर वहिनीकडं कोण बघंल? तांड्यात तिचं दुसरं कोणी न्हाई."

शिवकन्या उठली. "दगडोबा, पतंग्यांना बोलवा. जबाबावर सही राहिली म्हणावं."

*

हरीश इस्त्रीचा शर्ट घालून आला. चहा घेतला. कोठडीतून आणून कोपऱ्यात बसवलेल्या सुदामकडे बघून त्यानं जिभेनं च्‌च्‌ केलं.

"पेटी इथं कधी आली, पतंगे?"

"सांगितलं ना. काल."

"त्याआधी?"

"मुंबईत अडकलेली. अन् त्याआधी दुबईत."

"तुम्ही किंवा तुमच्या माणसानं उघडली होती?"

"नाव काढू नका! प्रेमदासनंच फोडली रात्री."

"आत कुंकवाच्या अक्षता निघाल्या."

"त्यानं पूजा केली असेल. नवीन वस्तू. आपले लोक करतातच."

"बांधलेल्या टोकाला? कागद न सोडता?"

हरीशनं चहाचा कप खाली ठेवला.

शिवकन्यानं पाकीट उलटं केलं. जोडपान टेबलावर पडलं.

"हे काय आहे?"

"पान."

"कसलं?"

उत्तर दगडोबाच्या तोंडून निघालं. "आपटा! आयला, हे तर सोनं हाय. दसऱ्याचं!"

"आता संक्रांत आली," शिवकन्या म्हणाली. "या दिवसात आपटा कोणी वाहत नाही. दुबईत दसरा करत असतील तर मला ठाऊक नाही. पतंगे, हे हेड दसऱ्याला तुमच्या गॅरेजात होतं. तुम्ही ते कागदातून काढलंत, पान्यांच्या ओळीत मांडलंत, अक्षता आणि पान वाहिलंत आणि पुन्हा बांधून ठेवलंत. ड्युटी एकदाच लागली. ती प्रेमदासच्या पैशातून भरलीत आणि माल सोडवून आणलात. पुढचा दंड आणि भाडं तुमच्या घरात जमा होत होतं."

"मॅडम, हा अंदाज झाला."

"बंदराची माहिती मागवली आहे. पेटी कधी सुटली ते तिथं कळेल. पुढचं ऐका. प्रेमदास मुंबईला जातो म्हणाला. गेला असता तर तिथं त्याला पेटीच दिसली नसती. म्हणून तुम्ही घाईनं फळ्या ठोकल्या आणि पेटी आली म्हणून सांगितलंत. रात्रीतून हेड पुसून काढायचं होतं. पण तो पेटीपासून हलेना. त्यानं फळ्या उचकटल्या, एका बाजूचा कागद फाडला आणि कुंकू पाहिलं. तांड्यातल्या माणसालाही दसरा कळतो."

"सुदामनं मारलं असेल!"

"सुदामनं रागात मारलं असतं तर टॉमी फेकून पळाला असता. डिझेलमध्ये धुऊन तिच्याच खिळ्याला टांगली नसती. ती सवय गॅरेजच्या मालकाची. मारल्यावर तुम्ही त्याला गाडीखाली सरकवलंत आणि जॅक पाडलात. फाटलेल्या टोकाचं कुंकू पुसलंत, बांधलेल्या टोकाचं राहून गेलं. पण हेड बसतं वरून, बॉनेट उघडून. त्यासाठी गाडीखाली कोण जातं? मला गाडीतलं फार कळत नाही. तुम्हाला कळतं. तरी तुम्ही सकाळी मला तेच सांगितलंत."

सुदाम उभा राहिला होता. दगडोबानं त्याचा दंड धरला.

"प्रेमदास गावभर ओरडणार होता," हरीश शेवटी म्हणाला. आवाज अगदी गिऱ्हाइकाला अंदाजे खर्च सांगतानाचा. "पहिली ड्युटी खरीच होती, मॅडम. दुसरी नुसती मागून बघितली. त्यानं दिली. देतच गेला. कोणी देतच राहिलं तर माणसानं काय करावं?"

"हेड गॅरेजात लपवून ठेवलं होतं. मग पूजेला काहून काढलंत?"

हरीशनं तिच्याकडे खऱ्याखुऱ्या नवलानं पाहिलं.

"दसऱ्याला लोखंड बिनपूजेचं ठेवू? बापापासूनची रीत आहे. पाप लागलं असतं."

दगडोबानं त्याच्या हातात बेड्या घातल्या.

*

संध्याकाळी सुदाम सुटला. प्रेमदासची बायको मिराबाई ठाण्याच्या आवारात लिंबाखाली सकाळपासून बसून होती. दिरानं पायांवर डोकं ठेवलं, तशी तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मनगटापासून कोपरापर्यंत फिकट वळ होते. मग ती शिवकन्याकडे आली.

"बाई, ते हेड बराबर होतं का?"

"बराबर होतं. दसऱ्याआधीच बसलं असतं."

"मंग द्या. सुदाम गाडी चालवील. पोटापाण्याचं बघावं लागंल."

"आत्ता देता येत नाही, मिराबाई. खुनाचा पुरावा आहे तो. खटला संपेस्तोवर कोर्टाच्या ताब्यात राहील."

मिराबाईला हे ऐकून काही विशेष वाटलं नाही. तिच्या ओळखीचीच गोष्ट होती ती.

"अडकलं म्हणा की. सोडवायला किती भरायचं?"

"काही नाही," शिवकन्या म्हणाली. "काहीच भरायचं नाही."

मिराबाईनं समजुतीनं मान हलवली आणि पदराची गाठ सोडायला घेतली.