खुर्च्यांच्या पिक्चरमधला हात

ही गोष्ट रात्रीची नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण असलं काही म्हटलं की लोक रात्र धरूनच बसतात.

मे महिना, २००४. चंद्रपूर. दुपारचे दोन.

मेमधली चंद्रपूरची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दारं बंद, खिडक्या बंद, कूलरला पाणी नाही. मध्यरात्रीला निदान कुठेतरी एखादा माणूस खोकतो. त्या दुपारी तेही नाही.

ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्या रुखसारबाईंच्या तोंडून ही हकिकत दोनदा ऐकली. मध्ये दोन वर्षांचं अंतर होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. खोटं बोलणाऱ्याला एवढं जमत नाही.

रुखसारचं सासर गोंडपिपरीचं. चार दिवस माहेरी आली होती. मोठा भाऊ मुजफ्फर घराच्या पुढच्या खोलीत व्हिडिओ लायब्ररी चालवायचा, टीव्ही दुरुस्त करायचा. आता कॅसेट कोणी नेत नव्हतं, सगळ्यांना सीडी पाहिजे होती. म्हणून तो कॅसेटी पोत्यात भरत होता आणि रुखसार धूळ पुसून हातात देत होती.

एक कॅसेट हातात आली. नाव नव्हतं. पांढऱ्या पट्टीवर ब्रशनं काढलेली एक लाल खुर्ची होती.

रुखसारनं फडकं खाली ठेवलं.

ती खुर्ची जिशाननं काढली होती.

जिशान म्हणजे तिचा धाकटा भाऊ. जन्मापासून बहिरा, त्यामुळे मुकाही. पण हातात ब्रश दिला की दुकानाची पाटी अशी रंगवायचा की वाचणारा थांबायचा. त्याची आणि रुखसारची हातांची एक भाषा होती. लहानपणी दोघांनीच गल्लीत खेळता खेळता बनवलेली. अम्मीलाही ती पूर्ण यायची नाही.

ही कॅसेट मुजफ्फरनं त्र्याण्णव साली नागपूरहून आणलेल्या गठ्ठ्यात आली होती. इंग्रजी पिक्चर. कुठल्यातरी गिटारवाल्या मंडळींनी आपल्या एका रेकॉर्डमधली सगळी गाणी ओळीनं लावून त्यावर पिक्चर काढली होती. गोष्ट नाही, हिरो नाही. खुर्च्या आपल्या पायांनी चालत लग्नाला जातात. बाई चूल पेटवते आणि चुलीतून रेल्वे निघते. आभाळातून जोडे पडतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी एक शब्द बोलत नाही. नुसतं गाणं.

गिऱ्हाईक दहा मिनिटांत परत आणून द्यायचं.

जिशानला मात्र तिचं वेड लागलं. कारण साधं होतं. दुसरी कुठलीही पिक्चर लावली की सगळे हसायचे आणि तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघून मागून हसायचा. ही पिक्चर कोणालाच कळत नव्हती. हिच्यापुढे सगळे त्याच्या बरोबरीचे होते.

मुजफ्फरनं त्याच्यासाठी लाकडी खोक्यात मोठा स्पीकर बसवून दिला होता. जिशान दोन्ही तळवे त्या खोक्यावर ठेवायचा आणि डोळे पडद्यावर. गाणं त्याला हातातून ऐकू यायचं.

शेवटचं गाणं लांबलचक होतं. माणसापेक्षा उंच गवताचं रान. आत माणसं आहेत, पण दिसत नाहीत. गवताच्या वर फक्त हात निघालेले. शेकडो हात, गाण्यावर हलणारे.

तिथे तो थांबायचा. मागे घ्यायचा. पुन्हा बघायचा.

एक दिवस त्यानं रुखसारला ओढून आणलं. हातांनी सांगितलं, "यात एक जण माझ्यासारखा बोलतो."

"काय म्हणतो?" तिनं विचारलं.

जिशाननं बोट डावीकडून उजवीकडे फिरवलं आणि तळवा उताणा केला.

लपाछपीसाठी दोघांनी ठरवलेली खूण होती ती. अर्थ एवढाच... कोणत्या बाजूनं?

रुखसारला पडद्यावर नुसते हात दिसले. चुलीवर भात होता. तिनं "हो, दिसला" अशी मान हलवली आणि ती निघून गेली.

ती मान आजही तिच्या मनाला लागून आहे.

पंच्याण्णव नाही, सत्त्याण्णव नाही, शहाण्णवची गोष्ट सांगते, असं रुखसारबाई इथे बजावून सांगायच्या. वर्ष चुकू नये म्हणून.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर जिशान पोंभुर्ण्याच्या पुढच्या एका जंगलातल्या गावी शाळेची भिंत रंगवायला गेला. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनीच नको म्हटलं आहे. तीन दिवसांचं काम होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीवर अर्धं वाक्य होतं, ब्रश ओला होता, सायकल उभी होती.

जिशान नव्हता.

शाळेच्या मागूनच गवत सुरू व्हायचं. पाऊस संपलेला, गवत डोक्याच्या वर. त्याच्या पलीकडे सागाचं जंगल.

मुजफ्फर आणि रुखसार दुसऱ्या दिवशी पोचले. अख्खं गाव जंगलात शिरलं होतं. सगळे बोंबलून हाक मारत होते... "जिशान! ओ जिशान!"



बहिऱ्याला हाका मारत होते.

गावातला पत्रू म्हणून माणूस पुढे होता. त्याला ती म्हणाली, "भाऊ, त्याले ऐकू येत नाई. पन पायाले समजते. जमिनीवर धमधम केलं का तो वळून पाहते."

पत्रूनं लगेच गावातले ढोल काढले. सात निघाले. जास्तीत जास्त जंगल धरता यावं म्हणून त्यानं माणसं चारी बाजूंना पाठवली. तीन दिवस ढोल वाजले. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत.

काही मिळालं नाही. चप्पल नाही, कापडाचा तुकडा नाही.

"वाघानं नेलं असतं तं काहीतरी सापडते, बाई," पत्रू शेवटी म्हणाला. "हे काय हाय, मले नाई समजून राह्यलं."

वर्षभरात अम्मी गेली. ती कॅसेट पुन्हा कोणी लावली नाही.

तर, ती दुपार.

रुखसार म्हणाली, "भाई, एकदा लावून दे."

"काऊन दुखनं उकरून काढतं?" मुजफ्फर म्हणाला. पण त्यानं लावली.

चित्र आलं, आवाज आला नाही. टेपला बुरशी लागली होती. मुजफ्फरनं दोन बटणं फिरवून पाहिली. "आवाज गेला याचा," म्हणाला, आणि पाण्याची कॅन आणायला बाहेर पडला.

रुखसार एकटी.

मुक्या पडद्यावर खुर्च्या लग्नाला निघाल्या. जोडे पडले. तिला वाटलं, जिशानला हे असंच दिसत असेल. म्हणून ती सरकली आणि कोपऱ्यातल्या त्या लाकडी खोक्यावर तिनं दोन्ही तळवे ठेवले.

खोकं थरथरत होतं...

आधी वाटलं, रस्त्यावरून ट्रक गेला असेल. पण थरथर थांबेना. तिला ताल होता. धम्... धम् धम्... धम्...

ते गाणं नव्हतं. गाण्याचा ताल तिला माहीत होता.

ते ढोल होते.

पडद्यावर गवत आलं. शेकडो हात, हळूहळू हलणारे. रुखसार एकेक हात बघत गेली. गोरे हात, लांब बाह्या, अंगठ्या.

उजवीकडे, अगदी मागे, एक बारीक हात होता. तो गाण्यावर हलत नव्हता.

बोट डावीकडून उजवीकडे गेलं. तळवा उताणा झाला...

कोणत्या बाजूनं?

पुन्हा. आणि पुन्हा.

मनगटाला निळा रंग लागलेला होता. शाळेच्या भिंतीला निळी पट्टी होती.

रुखसारनं पडद्यासमोर हात वर केले. "इकडे, इकडे," ती हातांनी सांगत राहिली. आपण काचेला सांगतो आहोत हे तिला कळत होतं. तरी हात थांबत नव्हते.

तेवढ्यात लाईट गेली. भारनियमन. पडदा काळा.

तळव्याखाली थरथर चालूच होती.

मुजफ्फर आला तेव्हा ती खोक्याला चिकटून बसलेली होती. तिनं सांगितलं. "गरमीनं होते असं," तो म्हणाला. मग तिच्या समाधानासाठी त्यानं खोक्यावर हात ठेवला.

आणि झटक्यात काढला.

मुजफ्फर वीस वर्षं मेकॅनिक होता. त्यानं खोकं पुढे ओढलं, मागे पाहिलं. 

"रुखसार," तो हळूच म्हणाला, "याची वायर तं मी मागच्या सालीच काढून घेतली."

संध्याकाळी लाईट आल्यावर त्यानं ते गाणं पाचदा लावलं. त्याला हात दिसला नाही. तिला पाचही वेळा दिसला. आणि मग तिला दुसरी गोष्ट सुचली. जिशाननं हा हात शहाण्णवच्या आधी पाहिला होता... हरवायच्या दोन वर्षं आधी.

मग तेव्हा गवतात कोण होतं?

दोन दिवसांनी दोघं पोंभुर्ण्याच्या बसमध्ये बसली.

गाव तसंच होतं. भिंतीवरचं वाक्य दुसऱ्या कोणी पूर्ण केलं होतं. पत्रूचे केस पांढरे झाले होते. त्याची आई सोमारी पडवीत तेंदूपानाचे पुडे बांधत होती. रुखसारनं सगळं सांगितलं. पत्रू हसला नाही. सोमारीचे हात चालतच होते.

मग ती म्हणाली, "शाळेमागं दुपारी बसली का माह्याबी पायाखाली वाजते. रोज नाई. पन वाजते."

"काय वाजते, माय?"

"तुमचेच ढोल." सोमारीनं पुड्याला गाठ मारली. "तवा आमाले समजलं नाई, बाई. मागून समजलं. ढोल चारी कडून वाजवले ना आपन. आता त्या पोराले पायानंच ऐकू येते म्हनता. जमीन चारी कडून बोलावून राह्यली, तं तो जाईन कुठी?"

ती हे रागानं बोलली नाही. तेंदूपानाच्या भावाबद्दल बोलावं तसं बोलली.

ढोल वाजवायला रुखसारनं सांगितलं होतं.

मुजफ्फर तिच्याकडे बघेना. पत्रू जमिनीकडे बघत होता. जबाबदारी चौघांत वाटून घेण्यासारखी होती, पण कोणी घेतली असती तरी तिच्या वाट्याची कमी झाली नसती.

"एकच ढोल काढा, भाऊ," ती म्हणाली. "एकाच जागी."

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या आवारात पत्रूनं ढोल जमिनीला टेकवला. वाजवायला लागला. हात दुखले की मुजफ्फर घ्यायचा, मग रुखसार. मेमध्ये गवत नसतं, सगळं जळून गेलेलं. समोर नुसता उघडा साग. खाली वाळलेली पानं, पाऊल पडलं की पापडासारखी मोडणारी.

बारा वाजले. एक वाजला. काही नाही.

दोनच्या सुमाराला वारा पडला.

आणि पानं वाजली...

खूप आत. चर्र. मग थांबलं. मग पुन्हा... चर्र... चर्र.

पत्रू वाजवत होता. आवाज सरळ येत होता. जनावर असं चालत नाही, जनावर थांबून हुंगतं, वळतं. हे एका रेषेत येत होतं. घाई न करता. एक पाऊल, मग दुसरं.

तिघंही बघत होती. साग उघडा होता, लांबवर दिसत होतं.

तिथे कोणी नव्हतं.

चर्र... चर्र...

रुखसारनं हात वर केले. "इकडे. सरळ ये. इकडे."

आवाज शेवटच्या झाडांपाशी आला. वीस पावलं असतील फक्त. तिथल्या जमिनीवरची वाळलेली पानं दबताना मुजफ्फरनं डोळ्यांनी पाहिली.

पत्रूचा हात थांबला.

तो जंगलातला माणूस होता, वाघ पाहिलेला. पण हात थांबला. त्याला दोष देता येत नाही.

पानांचा आवाजही थांबला.

"वाजवा भाऊ, वाजवा," रुखसार म्हणाली. पत्रूला हात उचलता येईना. तिनं स्वतः ढोल ओढला, दोन्ही हातांनी बडवला. पाच वाजेपर्यंत बडवला. हात सुजले, बोटं फुटली.

पुन्हा पान हललं नाही. पुढेही नाही, मागेही नाही.

परत आल्यावर मुजफ्फरनं कॅसेट लावली. शेवटचं गाणं. गवत, शेकडो हात. रुखसारनं डोळ्यांची पापणी न लवू देता पाहिलं.

उजवीकडे मागे कोणी नव्हतं.

खोक्यावर हात ठेवला. लाकूड नुसतं लाकूड होतं.

"गेला तो," मुजफ्फर म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "वाट भेटली त्याले. आता तूही सोड."

 दुसऱ्या दिवशी रुखसार गोंडपिपरीला परत गेली. मुजफ्फरनं कॅसेटी विकल्या, ती एक सोडून. ती कपाटात आहे. वर्षातून एकदा तो ती लावतो आणि सासरी फोन करून सांगतो, "नाई दिसत." त्याला तर आधीही दिसत नव्हता. पण तो सांगतो आणि ती ऐकते.

त्या गावच्या शाळेमागे आता कोणी दुपारचं बसत नाही. सोमारी वारली. पायाखाली वाजतं की नाही हे सांगणारं दुसरं कोणी उरलं नाही.

रुखसारबाईंनी दुसऱ्यांदा ही हकिकत सांगितली तेव्हा आम्ही चार-पाच जण बसलो होतो. सांगून झाल्यावर त्यांनी ओढणीच्या टोकानं बोटं पुसली, उगाचच. मग म्हणाल्या, "वाट भेटलेला मानूस विचारनं बंद करते, हे बरोबर हाय. पन विचारून विचारून थकलेलाही बंदच करते ना?"

त्यांनी आमच्या प्रत्येकाच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं.

"तुमाले काय वाटते?"